हौदाचा चार्ज

"किती जनावरं आहेत?" दुकानातल्या पोराने विचारलं.

मी मनात मोजलं. मी, बायको, मुलगी आणि सहा महिन्यांसाठी आलेले बाबा. "चार," मी म्हणालो.

"मग आठ फुटी टाकी कशाला घेता? चाराला लहान पुरेल." पोरगा प्रामाणिक होता. डॅलसच्या उत्तरेला, आमच्या त्या एकसारख्या विटांच्या घरांच्या पलीकडे, अजून अशी दुकानं आहेत. एका भिंतीला खोगीर, दुसऱ्या भिंतीला कोंबड्यांची पिल्लं, आणि मधोमध हाफ पँटीतला आयटीवाला मराठी माणूस. जनावरं पाणी पिणार नाहीत, पाण्यात बसणार आहेत, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी गप्प कार्ड काढलं.

ही टाकी म्हणजे गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद. जस्ताचा मुलामा दिलेला, नालीदार, आठ फूट रुंद, दोन फूट उंच. भरला की सातशेच्या आसपास गॅलन पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ २६५० लिटर. टेक्ससमधल्या रानोमाळ गुरांसाठी असे हौद पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेले असतात. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की गाय पिऊ शकते तर आपण डुंबू का नये. त्याला फिल्टरचा पंप लावायचा, झाला स्वीमिंग पूल. खणून बांधायच्या पूलचं कोटेशन मी आधी मागवलं होतं. आकडा बघून बायकोने विचारलं होतं, "यात घरपण येतं का?"

तर ठरलं हौदाचं. यूट्यूबवर एक जोडपं चौदा मिनिटांत हौद बसवून, कलिंगड खात त्यात बसलेलं मी पाहिलं होतं. मला पाच शनिवार-रविवार लागले. कलिंगड शेवटपर्यंत झालंच नाही.

बाबा ग्रामसेवक म्हणून रिटायर झालेले. अकोला जिल्ह्यात तीस-एक वर्षं त्यांनी ग्रामपंचायती सांभाळल्या. मुलीच्या हट्टाची बाजू मांडताना मी त्यांना सांगितलं की इथे उन्हाळा फार वाईट असतो. २०११ साली तर डॅलसला ७१ दिवस पारा शंभर किंवा त्याच्या वर होता.

"शंभर म्हंजे आपले किती?"

"अडतीस."

"अडतीस?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वरण तिखट लागल्याची तक्रार केली. "अकोल्यात अडतीस झालं की लोक म्हणतात, आता जरा बरं हाये."

हौद पिकअपच्या हौद्यात मावत नाही, हे मला हौद घेतल्यावर कळलं. शेजारी भला माणूस. त्याने ट्रेलर जोडला आणि हौद आडवा घालून घरापर्यंत आणून दिला. खरा पेच पुढे. परसात जायचं फाटक साडेतीन फुटी, हौद आठ फुटी. मग तो उभा केला आणि चाकासारखा लोटत नेला. आमचं कुंपण सहा फुटांचं. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला कुंपणाच्या वर फक्त पत्र्याची एक चंद्रकोर संथपणे सरकताना दिसत असणार. परसाला जरा उतार आहे. शेवटचे दहा फूट हौद आमच्या हातात नव्हता. तो कुंपणाच्या खांबाला जाऊन लागला आणि बाजूला ताटाएवढा पोचा आला.

"नवीन मालाले पहिल्याच दिवशी पोचा," बाबा म्हणाले. "लिहून ठेवा लागते हे."

मग जमीन. इथली जमीन काळी. टेक्ससमधून डॅलस ते ऑस्टिन असा जो पट्टा जातो त्यात हीच काळी चिकण माती आहे, 'ह्यूस्टन ब्लॅक' नावाची, आणि एके काळी त्यात कापूस पिकायचा. शास्त्रज्ञांच्या लेखी ही आणि आपली काळी रेगूर माती एकाच गोत्रातल्या, व्हर्टिसॉल. पावसात फुगते, उन्हात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून इथले लोक उन्हाळ्यात घराच्या पायाला पाणी घालतात, नाहीतर भिंती तडकतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना मी थट्टा करतोय असं वाटलं. मग शेजाऱ्याच्या भिंतीलगत पसरलेला, पाझरणारा काळा पाइप त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या अकोल्याच्या घरी नळ चार दिवसांआड येतो.

बाबांनी मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, हुंगलं. "ही तर आपलीच हाये," म्हणाले. "इतक्या लांब कायले आलास मग?"

गवत काढून नऊ फुटांचं वर्तुळ खणलं आणि त्यात तीन इंच वाळू भरायची होती. इथे वाळू पिशवीत मिळते. ५० पौंडाची पिशवी, अर्धा घनफूट. हिशेबाने ३२ पिशव्या आणल्या. बाबा गाडीपाशी उभे राहून मोजत होते. सोळा घनफूट म्हणजे शंभर घनफुटांच्या ब्रासचा सहावा हिस्सासुद्धा भरत नाही, एवढ्याची बिलं कुणी फाईलला लावली असती तर ऑडिटवाल्याने आक्षेप काढला असता, असं त्यांचं मत पडलं. शिवाय पिशवीतली वाळू धुतलेली, चाळलेली आणि कोरडी. "वाळू इस्त्री करून देतात," त्यांनी आईला फोनवर सांगितलं.

मी मोबाइलवरचं लेव्हलचं अ‍ॅप फळीवर ठेवून वाळू सपाट केली, हौद बसवला, पाइप सोडला. सव्वा तासाने हौद भरला आणि भरता भरता माझं पितळ उघडं पडलं. उत्तरेकडे पाणी काठाला टेकलेलं, दक्षिणेकडे दीड इंच खाली. मी म्हटलं, दीड इंचाने काय बिघडतं. बाबा म्हणाले, "अडीच टनाच्या वर वजन हाये ते. एका बाजूने बसत गेलं तर उद्या तीन इंच, परवा हौद शेजाऱ्याच्या घरात."

हौद रिकामा करणं भाग होतं. तळाची बुचाची जागा उघडली की सातशे गॅलन पाणी गवतावर, तिथून गटारात. बाबांनी बुचावर पाय ठेवला. "अर्धा टँकर हाये हा," ते म्हणाले. "थांब." त्यांनी बनियनवरच फावडं घेतलं आणि तासाभरात माझ्या लॉनमधून एक पाट काढला. त्याच्या तीन फांद्या केल्या, एक भेंडीला, एक कढीलिंबाला आणि एक, फार विचार करून, घराच्या पायाला. मग पाय काढला. लॉनचा सत्यानाश झाला. भेंडी मात्र त्या वर्षी कमरेएवढी आली.

दुसऱ्या खेपेला पाणसळ बाबांनी लावली. वीस फूट पारदर्शक नळी आणायला लावली. तिच्यात पाणी भरलं, दोन्ही तोंडांवर अंगठे दाबले आणि नळी उन्हात धरून तिच्यावर टिचक्या मारत एकेक बुडबुडा वर काढला. एक बुडबुडा मधल्या वळणात अडून बसला होता. त्याला ते पाच मिनिटं समजावत होते. मग वर्तुळाच्या कडेने आठ खुंट्या ठोकल्या. मी एक टोक मधल्या खुंटीशी धरायचं, ते दुसरं टोक घेऊन फिरायचे, पाणी थांबलं की पेन्सिलची खूण. "हलू नको," ते दर खुंटीला म्हणत. मी सदतीस वर्षांचा, दोन टीमचा मॅनेजर, नळीचं टोक नाकाशी धरून उकिडवा बसलेलो. हौद दुसऱ्यांदा भरला तेव्हा पाणी काठाला सगळीकडून सारखं लागलं. बाबांनी तिथे बोटाने फक्त एकदा टकटक केलं.

आता भोकं. पंपाला पाणी जायला एक आणि यायला एक, अशी दोन भोकं हौदाला पाडावी लागतात. हे आधी करायचं असतं हे मला यूट्यूबवाल्याने सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो. पाट पुन्हा वाहिला. ड्रिलला गोल करवत लावून मी पत्र्याला भिडलो. तो आवाज लिहून दाखवता येत नाही. दाताच्या डॉक्टरकडे रेल्वे आली असं समजा. मुलगी कान झाकून आत पळाली, शेजारचं कुत्रं रडायला लागलं, आणि शेवटी पुरणपोळीच्या गोळ्याएवढी एक गरम चकती माझ्या चपलेवर पडली.

"चांगल्या हौदाले भोक पाडून रायला," बाबा फोनवर आईला सांगत होते.

भोकाभोवती सिलिकॉन लावून चोवीस तास थांबायचं असतं. मी चार तास थांबलो. रात्री अकरा वाजता बॅटरी लावून पाहिलं तर जोडातून पाणी टपकत होतं, दर तीन सेकंदांना एक थेंब. मी मोजलं कारण झोप येत नव्हती. पहाटे बाबांनी बॅग उघडली. लोणच्याच्या बरण्या, मेतकूट आणि मुलीच्या फ्रॉकच्या खाली त्यांनी एम-सीलची दोन पाकिटं आणली होती. का आणली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. काळा आणि पांढरा गोळा हातात मळून, थुंकी लावून (ती कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक), त्यांनी जोड लिंपला. तो अजून टपकलेला नाही.

एवढ्यात कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं. परसात पशुधन पाळण्यास मनाई असून आपल्याकडे गुरांचा हौद असल्याचे निदर्शनास आले आहे, चौदा दिवसांत खुलासा करावा. कुंपणावरून गेलेली ती चंद्रकोर कुणीतरी पाहिली होती. माझे हातपाय गळाले. बाबांच्या डोळ्यांत मात्र रिटायर झाल्यापासून न दिसलेलं तेज आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद मागितला. 'विषय : पशुधन नसलेबाबत. संदर्भ : आपले पत्र. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की…' हौदाची खोली २४ इंचांपेक्षा जास्त नाही, फाटकाला कडी आहे, पंपाचा प्लग शॉक बसण्याआधी वीज तोडणारा आहे, आणि कुटुंबातील चारही सदस्य मनुष्यप्राणी आहेत, असे चार मुद्दे. मी जसंच्या तसं इंग्रजी करून पाठवलं. परत काही आलं नाही. "फाईल बंद झाली," बाबा म्हणाले.

पाण्याचं खातं त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतलं. गावात रोज विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून मग नळाच्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या ओटी औषधाचे थेंब घालायचे आणि पिवळा रंग येतो का पाहायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं. इथे तीन इंची क्लोरीनची गोळी एका तरंगत्या डब्यात ठेवतात. ती आम्लधर्मी असते, पत्र्याला टेकून राहिली तर जस्त खाते. म्हणून डबा बाबांनी सुतळीने बरोबर मध्यावर बांधला. रोज सकाळी सातला चाचणीची पट्टी बुडवायची आणि रंग जुळवायचे. पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन १ ते ३ पीपीएम.

"पिण्याच्या पाण्याले ०.२ पुरते," ते म्हणाले, "अन् तुमच्या बसायच्या पाण्याले तीन? अंग काय कॉलऱ्याचं हाये का?"

त्यांनी मुलीची जुनी वही घेऊन रकाने आखले. दिनांक, वेळ, पीएच, क्लोरीन, पाणी पातळी, शेरा. शेऱ्यात सुरुवातीला 'समाधानकारक' असायचं. मग 'पाण्यात २ किडे', 'नातीने साबण नेला, समज दिली', 'काळे पक्षी आले, हाकलले'. आठवडाभर आम्ही कॅम्पिंगला गेलो तेव्हाचा शेरा होता, 'पाणी हिरवे. मालक गैरहजर.'

आणि एवढं सगळं झाल्यावर, जुलैच्या एका रविवारी भर दुपारी, मी एकदाचा त्या हौदात पाय टाकला आणि बाहेर काढला. पाणी ९६ अंश फॅरनहाइट होतं. पत्रा उन्हाने तापतो आणि पाणी तापवतो. हे मी इंजिनिअर असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गार व्हायला म्हणून मी अंगणात बंब बसवला होता. धावत जाऊन बर्फाच्या चार पिशव्या आणल्या, ८० पौंड. सगळा बर्फ विरघळल्यावर पाणी दीडेक अंश सेल्सिअसने उतरलं. बाबांनी ते वहीत लिहिलं आणि बर्फाची पावती शेजारी टाचली.

मग आम्ही रात्री बसायला लागलो. नऊनंतर, सूर्य गेल्यावर. आठ फुटांत तीन माणसं बसली की गुडघे मधोमध एकत्र येतात आणि कुणाचा पाय कुणाचा ते कळत नाही. बाबा काठाबाहेर खुर्ची टाकून फक्त पावलं आत सोडायचे, अंगात बनियन, मांडीवर वही. शेजारचं कुत्रं फाटकाखालून यायचं, पुढचे पाय काठावर ठेवून लपालपा पाणी प्यायचं आणि जायचं. त्याला बाबांनी कधीच हाकललं नाही. उलट त्या रात्रीच्या शेऱ्यात लिहिलं, 'हौदाचा मूळ हेतू साध्य.'

सप्टेंबरात ते परत निघाले. विमान संध्याकाळचं होतं, सकाळी सातला त्यांनी मला परसात बोलावलं. हातात दोन प्रतींत लिहिलेली यादी, मध्ये कार्बन. कार्बन त्यांना अमेरिकेत कुठे मिळाला देव जाणे.

हौद, पत्र्याचा, पोचा आलेला : १. पंप, चालू : १. नळी, पारदर्शक, २० फूट : १. गोळ्या : ११. चाचणी पट्ट्या : ३७. एम-सील, अर्धे : १. फावडे : १. वही, चालू : १.

"सही कर," ते म्हणाले. "वरीलप्रमाणे चार्ज मिळाला, असं लिही खाली."

मी पेन घेतलं.

"तशीच नको करू लेका," बाबा म्हणाले. "पट्ट्या मोजून घे आधी."

मोजल्या. छत्तीस निघाल्या. ते पुन्हा चष्मा लावून मोजायला बसले आणि आम्ही विमानतळावर वीस मिनिटं उशिरा पोचलो.