‘अन्न हेच औषध’: जे हिपोक्रेटिसने म्हटलं नाही आणि चरकानेही नाही

गेले काही महिने एक मजकूर फिरतोय. वेगवेगळ्या गटांमधून तो माझ्याकडे इतक्या वेळा आला की आता तोंडपाठ झालाय. थोडक्यात तो असा: ‘हिपोक्रेटिस सांगून गेला, अन्न हेच तुमचं औषध असू द्या. चरक, सुश्रुत, चीनचे वैद्य, कुणीच अन्न आणि औषध वेगळं मानलं नाही. पथ्य पाळणाऱ्याला औषध लागतच नाही, असं शास्त्रवचन आहे. अन्न नैसर्गिक, म्हणून त्याचे दुष्परिणाम नाहीत. गोळ्या म्हणजे रसायनं. मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळं ताटातून बरं होतं आणि आता विज्ञानानेही ते मान्य केलंय.’

पाठवणाऱ्यांत माझी प्रेमाची माणसं आहेत आणि ती काळजीपोटीच पाठवतात. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ज्या परंपरांची साक्ष काढली आहे त्यांच्यावर तर सरळसरळ अन्याय करणारं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘हिपोक्रेटिस म्हणाला’

नाही म्हणाला. हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या नावावर साधारण साठेक ग्रीक ग्रंथ आहेत, अनेक लेखकांनी लिहिलेले. ‘अन्न हेच औषध आणि औषध हेच अन्न असू द्या’ हे वाक्य त्यांतल्या एकातही नाही. त्याच्या जवळपास जाणारं काही शोधायचं तर आहारावरचा एक छोटा सूत्रमय ग्रंथ आहे. त्यात अर्थाने एवढंच म्हटलंय की अन्नात औषधी गुण असणं उत्तमही असतं आणि वाईटही. कोणत्या संदर्भात, त्यावर ते ठरतं. फिरत्या मजकुरात ही दुसरी बाजू गळाली आहे.

याच परंपरेतली वैद्यांची प्रसिद्ध शपथ बघा. रुग्णाच्या हितासाठी आहार-विहाराची योजना करीन, हे एक वचन. मागितलं तरी कुणाला प्राणघातक औषध देणार नाही, हे दुसरं. दोन्हींसाठी ग्रीक शब्दही वेगळे आहेत. पुढे पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने वैद्यकाच्या तीन शाखा सांगितल्या: आहाराने, औषधाने आणि हाताने, म्हणजे शस्त्रकर्माने, बरं करणं. अन्न आणि औषध एकच मानत असते तर शाखा तीन झाल्या नसत्या.

‘कुणीच वेगळं मानलं नाही’

इथे मला थोडं थांबायचंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं.

मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने जाईल असं एक वचन चरकसंहितेत आहे, ते आधी मीच सांगते. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात म्हटलंय की औषध नाही असं एकही द्रव्य जगात नाही. मात्र त्याच वाक्यात अट आहे: त्या-त्या युक्तीने आणि त्या-त्या हेतूसाठी वापरलं तर. युक्ती म्हणजे मात्रा, काळ, संस्कार, समोरचा रोगी, या सगळ्याचा विचार. आणि पहिल्याच अध्यायात बजावलंय की तीक्ष्ण विषसुद्धा योग्य योजनेने उत्तम औषध होतं आणि औषधाची योजना चुकली तर तेच विष होतं. हे सांगणारा माणूस ‘घरचं आहे, बिनधास्त घ्या’ असं कधी म्हणेल का?

अकराव्या शतकात चरकावर टीका लिहिणाऱ्या चक्रपाणिदत्ताने तर दोन शब्दांत रेघ आखून दिली आहे. आहारद्रव्य रसप्रधान, औषधद्रव्य वीर्यप्रधान. जे रोज भरपेट खाऊन शरीर भरून निघतं ते अन्न. ज्याच्यात जोर आहे, म्हणून जे मोजून द्यावं लागतं, ते औषध. काही द्रव्यं सीमेवरची असतात, आणि त्यांच्याबद्दल हे वैद्य सगळ्यात जास्त सावध आहेत. चरकसंहितेच्याच विमानस्थान या भागात तीन गोष्टींचा अतिवापर टाळायला सांगितलंय: पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळी औषधातही जाते आणि अन्नातही, तिचे गुण चरकाला चांगले ठाऊक होते, आणि नेमक्या त्याच पिंपळीबद्दल हा इशारा आहे.

अन्न आणि औषध हातात हात घालून कसं चालतं, ते बघायचं असेल तर वमन-विरेचनानंतरचा आहारक्रम बघावा. मला तो फार सुंदर वाटतो. जोरकस औषधाने पोट रिकामं झालेलं, अग्नी मंदावलेला. अशा माणसाला एकदम जेवायला वाढत नाहीत. आधी पेया: पाणीच पाणी, तळाशी थोडी शितं. मग विलेपी: चमच्याला चिकटेल इतकी दाट. मग मुगासारख्या कडधान्याचं यूष, पहिल्यांदा बिनफोडणीचं, नंतर मीठ-स्नेह घातलेलं. मग मांसरस. आणि त्यानंतर नेहमीचं जेवण. पाण्याची मापंसुद्धा ठरलेली: विलेपीला चौपट, यवागूला म्हणजे पातळ पेजेला सहापट, मंडाला म्हणजे वरच्या निव्वळ निवळीला चौदापट. तांदूळ तोच, पातेलं तेच. फरक पाण्याचा, शितांचा आणि कुणाला कोणत्या दिवशी द्यायचं याचा. इथे औषधाने आपलं काम केलंय आणि आता अन्न आपलं काम करतंय. या नात्याला आपल्याकडे नाव आहे, पथ्य. ‘अन्न हेच औषध’ म्हटलं की हा शब्दच निकामी होतो.

चीनचंही तसंच. चौ राजवटीच्या दरबाराचं वर्णन करणाऱ्या जुन्या ग्रंथात वैद्यांचे चार प्रकार आहेत: आहारवैद्य, रोगांवर इलाज करणारे, व्रण-जखमांवर इलाज करणारे आणि पशुवैद्य. आहारवैद्याचा मान मोठा, पण म्हणून बाकीच्यांना घरी पाठवलं नव्हतं. सातव्या शतकातल्या सुन् स-म्याओने आहारचिकित्सेवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्याचं म्हणणं असं की वैद्याने आधी रोगाचं मूळ शोधावं, मग अन्नाने इलाज करून बघावा, आणि अन्नाने गुण आला नाही तर औषध द्यावं. फिरता मजकूर यातलं शेवटचं वाक्य खाऊन टाकतो. इब्न सीनाच्या युनानी परंपरेने तर निव्वळ अन्न, औषधी अन्न, अन्नासारखं औषध, निव्वळ औषध आणि विष अशी पायरी-पायरीने मांडणी केली आहे. इतक्या पायऱ्या मोजणाऱ्यांच्या तोंडी ‘सगळं एकच’ घालणं हा त्यांचा अपमान आहे.

‘पथ्य असेल तर औषध कशाला’

हा श्लोक खरा आहे: पथ्ये सति गदार्तस्य किमौषधनिषेवणैः. लोलिंबराजाच्या ‘वैद्यजीवन’ या वैद्यकग्रंथातला. रोगी पथ्य पाळत असेल तर औषधं घेऊन काय करायचं, आणि पाळत नसेल तरी औषधं घेऊन काय करायचं, असा त्याचा डौल. वाक्य ठसण्यासाठी केलेली ती रचना आहे. आणि ज्या ग्रंथात तो श्लोक आहे तो ग्रंथ कशाने भरलाय? ज्वरापासून पुढे एकेक रोग घेऊन त्यावरचे काढे आणि चूर्णं यांनी. लोलिंबराजाला औषध निरुपयोगी वाटत असतं तर पुढचे श्लोक त्याने लिहिलेच नसते.

‘नैसर्गिक, म्हणून दुष्परिणाम नाहीत’

माझ्या मावशीला रक्तदाबाची एक गोळी वर्षानुवर्षं चालू होती आणि दाब आटोक्यात होता. मग काही आठवड्यांत तो चढत गेला. गोळी वाढवली, तरी चढला. पायांत गोळे यायला लागले, जिना चढताना मांड्यांत ताकद नाही असं ती म्हणायची. रक्त तपासलं तर पोटॅशियम खाली गेलेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आणखी कोणती औषधं घेता?’ ती म्हणाली, ‘दुसरं औषध काहीच नाही हो.’ दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. मी शेजारी बसले होते, मलाही सुचलं नाही. निघता निघता तिने पर्समधून चघळायला ज्येष्ठमधाची कांडी काढली तेव्हा डॉक्टरांचं लक्ष गेलं. घसा आणि पित्तासाठी म्हणून ती दोन महिने रोज चघळत होती, वर सकाळ-संध्याकाळ काढा. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी ते औषधच नव्हतं.

ज्येष्ठमध ग्रीक, चिनी, भारतीय अशा सगळ्याच परंपरांमध्ये आहे. त्याची गोडी ज्या ग्लिसिरायझिनमुळे असते, तेच मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक नको तिथे काम करू लागतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं आणि दाब चढतो. हे काही कालपरवा कळलेलं नाही. 1940 च्या दशकात एका डच डॉक्टरने पोटातल्या व्रणांसाठी ज्येष्ठमधाचा अर्क दिला, व्रणांना आराम पडला आणि काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. गुण आणि त्रास एकाच कांडीतून आले. ज्या पदार्थात परिणाम घडवण्याइतका जोर आहे त्यात नको तो परिणाम घडवण्याचाही जोर असणारच.

ग्रेपफ्रूटची गोष्टही अशीच. 1989 मध्ये कॅनडातले संशोधक रक्तदाबाच्या एका औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते बघत होते. मद्याची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तात औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सापडलं. औषध मोडणारा आतड्यातला विकर त्या रसाने बंद पाडला होता. आज कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत हे फळ टाळायला सांगतात ते यामुळे.

आता ‘गोळ्या म्हणजे रसायनं’. चीनमध्ये तांदळावर एक बुरशी वाढवून लाल तांदूळ करतात. तो शतकानुशतकं रंगासाठी अन्नात आणि पोटासाठी औषधात वापरला गेला. त्यात मोनाकोलिन-के नावाचा पदार्थ असतो. 1987 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध म्हणजे रेणू न् रेणू तोच पदार्थ. तांदळात असताना नैसर्गिक आणि गोळीत असताना रसायन, असं कसं म्हणायचं? फरक मात्रेचा आहे. लाल तांदळाच्या 12 तयार उत्पादनांची तपासणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. एका कॅप्सूलमध्ये हा पदार्थ 0.1 मिलिग्रॅम, तर दुसऱ्या उत्पादनाच्या कॅप्सूलमध्ये 10 मिलिग्रॅम. शंभरपट. शिवाय चार उत्पादनांत मूत्रपिंडाला घातक असं बुरशीचं विष सापडलं. गोळीच्या वेष्टनावर जो आकडा छापलेला असतो, तो या अनिश्चिततेवरचा उपाय आहे.

‘मधुमेहापासून कर्करोगापर्यंत’

या वाक्यापुढे मला राग आवरत नाही, कारण हे वाचून कुणीतरी इन्सुलिन थांबवतं.

निव्वळ आहाराने मधुमेह आवरण्याचा प्रयोग माणसाने अगदी शेवटच्या टोकापर्यंत करून पाहिलाय. इन्सुलिन सापडण्याआधी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरची उपासमारीची पद्धत चालायची. मुलांना मोजून, जगण्यापुरतं अन्न. त्याने मरण काही महिने, कधी एखाद-दोन वर्षं पुढे ढकललं जायचं. टोरांटोच्या रुग्णालयात आणलेला लेनर्ड थॉम्पसन 14 वर्षांचा होता आणि त्याचं वजन होतं सुमारे 29 किलो. 11 जानेवारी 1922 ला त्याला इन्सुलिनच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं, ते फारसं लागू पडलं नाही. अर्क आणखी शुद्ध करून 23 तारखेपासून पुन्हा दिला, तेव्हा साखर उतरली. तो आणखी 13 वर्षं जगला.

चरकानेही इथे सरसकट बोललेलं नाही. मधुमेह ज्या रोगगटात मोडतो त्याला तो प्रमेह म्हणतो. त्यात स्थूल आणि बलवान प्रमेही वेगळा, कृश आणि दुर्बल प्रमेही वेगळा. पहिल्याचं शोधन करा, म्हणजे वमन-विरेचनासारख्या उपायांनी शरीर साफ करा, दुसऱ्याला पोषण द्या. आणि वातज प्रमेह, ज्यात मधुमेह येतो, त्याला तो असाध्य म्हणतो. आपल्या हातात इलाज नाही हे सांगायचा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी होता. टाइप 2 मधुमेहात वजन उतरवून आणि आहार बदलून पुष्कळ फरक पडतो, काहींची औषधं सुटतातही. पण साखर मोजत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कर्करोगासाठी हळदीचं नाव घेतात. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास, आणि आतड्यातून ते रक्तात फारसं उतरतच नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर ते परिणाम करतं, हे खरं. औषधी रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी 2017 मध्ये आढावा घेतला तेव्हा माणसांवरच्या 120 हून अधिक चाचण्या झालेल्या होत्या. काटेकोर, दोन्ही बाजूंनी आंधळी (कुणाला खरं औषध मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही), तुलनागट असलेली एकही चाचणी त्यांना यशस्वी दिसली नाही. शोषण वाढवलेल्या अर्काच्या गोळ्या निघाल्या, तेव्हा 2019 मध्ये इटलीत त्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाचे रुग्ण आढळले. अन्नातली हळद अन्न म्हणून चांगली आहे. तिच्यावर गाठ वितळवायचं ओझं टाकू नये.

आणि तरीही काही आजारांत अन्न खरोखर औषधाचं काम करतं, हे मी मनापासून मानते. 1747 मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झालेल्या 12 खलाशांना दोन-दोनच्या जोड्यांत सहा वेगवेगळे इलाज दिले. संत्री-लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांत उठून बसली. गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न सोसणाऱ्या सीलिॲकच्या रुग्णाला आजही आहार हाच इलाज. उणीव अन्नाची असेल तर भरपाई अन्नाने होते, किंवा त्रास अन्नाचा असेल तर ते बंद केल्याने.

या सगळ्यात मला यकृताची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. पर्निशस ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षयाचा एक गंभीर प्रकार, झालेली माणसं पूर्वी हमखास मरायची. 1926 मध्ये मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी 45 रुग्णांना रोज भरपूर, पाव किलोच्या आसपास, यकृत खायला घालून सुधारल्याचं दाखवलं. 1934 मध्ये व्हिपल या संशोधकाबरोबर त्यांना नोबेल मिळालं. या रुग्णांच्या जठरात जीवनसत्त्व शोषून घ्यायला लागणारं एक प्रथिन बनत नाही, म्हणून साध्या आहारातून त्यांना काही मिळायचं नाही. पाव किलोतलं कसंबसं थोडंसं आत झिरपायचं, तेवढ्यावर ते तगायचे, आणि हे रोज, आयुष्यभर. 1948 मध्ये यकृतातून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं: लाल स्फटिक, जीवनसत्त्व बी-12. तेव्हापासून त्याच आजाराच्या रुग्णाला सुरुवातीची इंजेक्शनं झाली की पुढे दोन-तीन महिन्यांतून एक पुरतं. त्यात एक मिलिग्रॅम असतं.