निकोडेमस ओसाड पडलेलं नाही

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं निकोडेमस हे गाव दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या १८७९च्या मोठ्या स्थलांतरात वसलं आणि आता तिथं कुणीच राहत नाही, असा मजकूर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

गाव वसलं १८७७मध्ये, म्हणजे त्या लाटेच्या आधीच. केंटकीहून आलेली ही कृष्णवर्णीय कुटुंबं, बहुतेक गुलामगिरीतून सुटलेली. उघड्या माळावर लाकूड मिळेना, म्हणून जमीन खोदून त्यांनी घरं केली. १८७८मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांना गाव दिसेचना. दिसला तो जमिनीतून वर येणारा धूर. एवढी हिंमत तारखांच्या घोळात हरवू नये, म्हणून हा खुलासा.

१८८८मध्ये रेल्वेनं गावाला बगल दिली, लोक पांगले, हे खरं. पण मोजकी माणसं आजही तिथं राहतात आणि दर उन्हाळ्यात गुलामगिरीतून सुटकेची आठवण करणाऱ्या मुक्तिदिनाच्या सोहळ्याला वंशज दूरदूरहून येतात.