पट्टे चार, मग विजेता कोण?

व्यावसायिक मुष्टियुद्धाची लोकप्रियता घसरली असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप दोन आहेत. एक, रक्तपात पाहून लोक व्यावसायिक मुष्टियुद्धापासून दुरावले हे माझं म्हणणं चूक, कारण त्याहून रक्तबंबाळ एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा मिश्र लढतींचा खेळ) जोरात चाललंय. दोन, २०१५ च्या मेवेदर-पॅकियाओ या मुष्टियोद्ध्यांच्या लढतीने पे-पर-व्ह्यूवर (म्हणजे त्या एका लढतीचे वेगळे पैसे भरून टीव्हीवर पाहणं) ४६ लाख विक्री केली, मग घसरण कसली?

पहिला आक्षेप मान्य. १९६२ मध्ये एमिल ग्रिफिथने बेनी पॅरेटला कोपऱ्यात गाठून मारलेले ठोसे अमेरिकेने टीव्हीवर थेट पाहिले. पॅरेट शुद्धीवर आलाच नाही, दहा दिवसांनी गेला. तरी मुहम्मद अलीच्या विजेतेपदांचा सगळा काळ त्यानंतरचाच. हे मला लिहितानाच सुचायला हवं होतं. ते वाक्य मी काढतो आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे, आणि उदाहरण तुमचंच घेतो. त्या लढतीची बोलणी २००९ च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा दोघेही ऐन भरात होते. उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचण्यांचा वाद, पैशांची वाटणी, लढती भरवणाऱ्या प्रमोटरांची भांडणं यांत पाच वर्षांहून जास्त काळ गेला. रिंगणात उतरले तेव्हा मेवेदर ३८ चा, पॅकियाओ ३६ चा, तोही खांदा दुखावलेला. जवळपास शंभर डॉलर मोजणाऱ्यांनी बारा फेऱ्या एकाला सरकताना आणि दुसऱ्याला त्याच्यामागे धावताना पाहिलं. यातून कमाई किती झाली ते कळतं, खेळ किती घरांत पोचला ते नाही. १९७८ मध्ये स्पिंक्सने अलीला हरवलं, ते अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर कुणालाही फुकट पाहता आलं होतं.

आता पट्ट्यांचं बघा. वजनगट १७, आणि प्रत्येकात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या चार वेगळ्या संस्थांचे चार मुख्य पट्टे, म्हणजे चार जगज्जेतेपदं. मे २०२४ मध्ये उसिकने फ्युरीला हरवून हेवीवेटचे चारही एकत्र केले. नवव्या फेरीत फ्युरी दोरांच्या आधारानेच उभा होता, रेफ्रीने मोजायला सुरुवात केली, तेव्हा मी खुर्चीत बसू शकलो नाही. १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर प्रथमच एकच विजेता! आणि सहा आठवड्यांच्या आत उसिककडचा आयबीएफचा पट्टा गेला, कारण फ्युरीशी पुन्हा लढायचा करार आणि आयबीएफने नेमलेला आव्हानवीर दोन्ही एकदम जमणारं नव्हतं. नव्या प्रेक्षकाला हे कसं समजावायचं?

एमएमए चालतं त्यामागे मला हेच कारण दिसतं. एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीत कोण कोणाशी लढणार हे ती एकटीच ठरवते. लढवय्यांच्या हाती तिथे कमी पैसा पडतो, ते मला खटकतंच.

महिलांच्या लढतींबद्दल मी लिहिलं नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. एप्रिल २०२२ मध्ये केटी टेलर चारही पट्टे घेऊन अमांडा सेरानोसमोर उभी राहिली, दोघी आपापल्या भरात असताना, आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन खच्चून भरलं होतं.