बसेल!

गाडी पुढून खडखडते म्हणून कामाला दिली होती. खडखड गेली. आता ती घासते.

काम तसं मोठं होतं. पुढचे दोन्ही शॉकअप, चाकाला खालून धरणारे दोन्ही लोअर आर्म, स्टॅबिलायझरच्या लिंका. त्यात डावी स्प्रिंग अगदी खालच्या वेटोळ्यापाशी तुटलेली निघाली, तीही बदलली. जुनं सामान मेकॅनिकने पोत्यात भरून डिकीत ठेवलं. आपण खरंच बदललंय याचा पुरावा म्हणून. ते पोतं इतकं जड होतं की अर्धी गाडी पोत्यात आहे आणि उरलेली मी चालवत नेतोय असं वाटलं.

पहिल्याच मोठ्या उजव्या वळणावर डाव्या चाकाकडून आवाज आला. खर्रर्र. फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "सामान नवं आहे साहेब. बसेल."

मराठीत 'बसणे' या क्रियापदावर फार भार टाकलेला आहे. सूर बसतो, घडी बसते, जम बसतो. पण घसाही बसतो, धंदाही बसतो आणि पावसात भिंतही बसते. मेकॅनिकच्या मनात यातलं कोणतं बसणं आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. मी आठ दिवस थांबलो. गाडी बसली. डावीकडून.

घरात प्रत्येकाने आपापल्या परीने निदान केलं. आई म्हणाली, "मागे बसलं तरी उतारावर बसल्यासारखं होतं रे." बायको म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, ती एक खांदा पाडून उभी राहते." मुलगा म्हणाला, "बाबा, लोक मुद्दाम गाडी खाली करून घेतात. आपली फुकटात झाली." तो एकटाच खूश होता.

शेजारच्या काकांनी सांगितलं, आधी हवा बघ. बघितली, दोन्हीकडे सारखी. मग मडगार्ड आणि टायर यांच्या फटीत बोटं घालून पाहिली. उजवीकडे चार बोटं आरामात गेली. डावीकडे दोन गेली आणि तिसरं अडकलं. ते सोडवताना काका म्हणाले, "टेप आण."

टेप आणला, तर आता सपाट जागा हवी. जमीन सपाट नाही हे मला त्या दिवशी कळलं. मुलाची गोटी ठेवून आम्ही जागा तपासत फिरत होतो. गोटी प्रत्येक ठिकाणी घरंगळायची. शेवटी एका जागी ती थांबली, तिथे गाडी उभी केली. माप चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यायचं. जमिनीपासून घेतलं तर टायरमधली हवा मापात लुडबुड करते. उजवीकडे ३९ सेंटीमीटर. डावीकडे ३६.५. तीनदा मोजलं. दर वेळी काका टेपचं दुसरं टोक धरून, जणू प्लॉटची हद्द ठरतेय अशा चेहऱ्याने उभे.

टायर नेमका कुठे घासतो ते बघायला चाकामागच्या प्लास्टिकच्या लायनरवर खडू फासला आणि एक फेरी मारून आलो. मागच्या बाजूला तळहाताएवढा खडू पुसला गेला होता आणि तिथलं प्लास्टिक चकाकत होतं. शिवाय लायनरच्या दोन क्लिपा गायब. ते मोकळं टोक पोट सुटल्यासारखं चाकाकडे आलेलं. क्लिपा बसवल्या, आवाज थांबला, मी घरात विजयी चेहऱ्याने शिरलो. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून निघालो, पहिला गतिरोधक आला, आणि खर्रर्र. मागून आई म्हणाली, "थांबला होता ना?"

मग गॅरेज. एव्हाना मी रात्री जागून बरंच वाचलं होतं, बुश म्हणजे आर्मच्या सांध्यातलं रबर हेसुद्धा. मेकॅनिकला विचारलं, "आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले ना? लोंबत्या चाकावर आवळले तर रबर पीळ धरतं." त्याने माझ्याकडे जसं पाहिलं तसं याआधी फक्त गणिताच्या बाईंनी पाहिलं होतं, त्यांची फळ्यावरची चूक दाखवली तेव्हा. म्हणाला, "तसं असतं तर गाडी वर राहिली असती साहेब. तुमची खाली आहे." हे बरोबर होतं, त्यामुळे जास्त लागलं.

मग त्याचे अंदाज सुरू झाले. रस्ता वाईट असेल. चाकांचं अलाइनमेंट हललं असेल. तुम्ही एकाच बाजूला बसता म्हणून असेल. मी म्हटलं, मी बसतो ती बाजू वर आहे, रिकामी बाजू खाली आहे. यावर त्याने शॉकअप पुन्हा बदलून बघू म्हटलं. पण शॉकअपचं काम उसळी आवरायचं. वजन पेलते स्प्रिंग, आणि स्प्रिंगकडे कोणी बघतच नव्हतं.

बघितलं ते हाताखालच्या पोराने. चाक काढून तो बॅटरी घेऊन आत वाकला, मग दुसऱ्या बाजूला जाऊन वाकला. उजव्या स्प्रिंगवर रंगाचे दोन पिवळे ठिपके होते, चिखलाने जवळजवळ पुसलेले. डावीवर एकच निळा, टवटवीत. पोरगा म्हणाला, "उस्ताद, ही पेट्रोलची आहे."

गाडी माझी डिझेलची. डिझेलचं इंजिन जड, म्हणून त्याची स्प्रिंग जास्त ताकदीची. मॉडेल तेच, डबा तोच, दिसायला जुळी बहीण. फरक सांगायला फक्त तो ठिपका. म्हणजे गेले तीन आठवडे एक बाजू डिझेलच्या आणि दुसरी पेट्रोलच्या भरवशावर चालत होती. उस्ताद बराच वेळ तो निळा ठिपका अंगठ्याने घासत राहिला. पुसला गेला नाही.

या खेपेला दोन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या. एक जुनी एक नवी ठेवली तर पुन्हा टेप काढावा लागला असता. उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, म्हणून बसक्या गाडीवर केलेलं अलाइनमेंट पाण्यात गेलं. तेही परत केलं. गोटीच्या जागेवर जाऊन मोजलं. दोन्हीकडे ४०. आवाज नाही.

"आता पुढून नाक वर केल्यासारखी दिसते," बायको म्हणाली. मी ते मेकॅनिकला सांगितलं. तो सवयीने म्हणाला, "नव्या आहेत साहेब, ब..." आणि माझा चेहरा बघून थांबला.

खरं तर या वेळी त्याचं बरोबर आहे. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला जराशा बसतात. मी रोज सकाळी टेप लावतो, टोक धरायला काका येतात. काल दोन्हीकडे ३९.७ भरलं. त्याला अजून सांगितलेलं नाही.