सोमवारी सकाळी दुखणारं पोट

गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) सुट्टी संपली की, दिवाळी संपली की आणि जूनमध्ये शाळा उघडली की सोलापुरात एक दुखणं घरोघरी निघतं. सकाळी साडेसहाला पोरगं बेंबीवर हात दाबून बसतं. "पोट दुखतंय, आज नको." रिक्षावाले काका दोनदा हॉर्न देतात, निघून जातात. दहा वाजता तेच पोरगं भाकरीवर शेंगा चटणी घेऊन टीव्हीसमोर! मग घरात निकाल लागतो: "नाटकं करतंय."

हा शब्द आधी बंद करा. दुखणं खरं असतं. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, रक्त हातापायांकडे वळतं, आतड्यांची हालचाल बिघडते. कळ येते, मळमळतं, दोन-तीनदा संडासला जावं लागतं. रिक्षा गेली की भीती टळते आणि पोट थांबतं. खरी गोम इथंच आहे. घरी राहिलं की बरं वाटतं, हे मेंदू तेवढ्या दहा मिनिटांत शिकतो आणि दुसऱ्या दिवशी कळ अंथरुणातच सुरू होते. म्हणून मारून पाठवणं चूक, आणि मायेपोटी आठ-आठ दिवस घरी ठेवणंही चूकच.

एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, पण एकदाच. झोपेतून उठवणारी कळ, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, ताप, सारख्या उलट्या, शौचात रक्त, लघवीला जळजळ, वजन उतरणं, यातलं काही असेल तर तो आजार समजून तपासणी करायची. यातलं काही नसेल आणि दुखणं रविवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढंच असेल, तर दर आठवड्याला नवी सोनोग्राफी नको. प्रत्येक तपासणीनं मुलाला वाटतं, आपल्या पोटात खरंच काहीतरी मोठं आहे.

आता कारण शोधा. सकाळच्या घाईत विचारू नका. रात्री भांडी आवरताना, गाडीवरून जाताना, नजरेला नजर नसताना मुलं बोलतात. "शाळा का नको?" याला उत्तर मिळत नाही. "डब्याच्या सुट्टीत कुणाशेजारी बसतोस? शाळेत लघवीला जातोस का?" असं विचारा. घाण संडासामुळे दिवसभर पाणी न पिणारी मुली-मुलं भरपूर आहेत. आपल्याकडे भाषेचाही घोळ असतो. घरात तेलुगू किंवा कन्नड, मैदानात मराठी, वर्गात इंग्रजी. पहिली-दुसरीतलं लेकरू प्रश्न समजायच्या आतच "मठ्ठ" ठरतं. कुणी दमदाटी करत असेल, तर ते आधी थांबवायला हवं. तोवर पुढचा उपाय चालत नाही. कुणी नको तिथं हात लावल्याचं मूल बोललं, तर मात्र पुढे सांगितलेल्या पायऱ्या वगैरे विसरा आणि लगेच १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा पोलिसांना कळवा.

बाकीच्यांसाठी उपाय म्हणजे पायऱ्या. वर्गशिक्षिकेला आधी भेटून ठरवा. पहिले दोन दिवस गणवेश घालून नुसतं गेटपर्यंत जायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. मग लायब्ररीत किंवा ऑफिसात अर्धा तास. मग पहिले दोन तास वर्गात, मग डब्याच्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर मुलाला विचारायचं, भीती दहापैकी किती? आठाची चार झाली की पुढची पायरी. सगळं मिळून दोन ते तीन आठवडे धरा. एखाद्या दिवशी अडलं, तर मागच्या पायरीवर या, पण घरी परत आणू नका.

हे फसतं कशामुळे? "आता सोमवारपासून जाईल" म्हणून मधले दिवस सोडल्यामुळे. बाबा "जा की" म्हणताना आजी "राहू दे गं" म्हणते, त्यामुळे. (दृष्ट काढायची तर जरूर काढा, मीठ-मोहरीनं कुणाचं वाईट होत नाही, फक्त त्यानंतर रिक्षात बसवा.) सायकलची लालूच दाखवल्यामुळे. घरी राहिलेल्या दिवशी मोबाइल, टीव्ही, आवडीचा नाश्ता दिल्यामुळे. आणि "आले का महाराज!" असं वर्गात कुणीतरी म्हटल्यामुळे.

विड्यांची मजुरी नगावर असते, कारखान्यात शिफ्ट चुकवता येत नाही. रोज कोण सोडणार? आजोबा, मामा, शेजारची ताई, कुणीही चालेल. आईचा हात सोडणं बहुतेक मुलांना सगळ्यांत अवघड जातं, त्यामुळे पहिले काही दिवस दुसऱ्या कुणी सोडलेलं उलट बरं.

शाळांशी माझं एक भांडण आहे. उशीर झाला की गेट बंद, हा नियम अशा मुलासाठी बक्षीस ठरतो. घाबरत घाबरत सव्वासातला पोचलेल्या पोराला तुम्ही परत घरीच पाठवता. त्याला आत घ्या, शेवटच्या बाकावर बसवा, त्याच्या उशिराबद्दल वर्गात एक अक्षर बोलू नका.

झोपेचा हिशेब सोपा आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ ला ८ ते १०. सहाला उठायचं तर नऊला दिवा बंद. नळाला पाणी रात्री येणार असेल, तर मोटर आणि पिंपांच्या गडबडीला मुलांना उठवू नका. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, मोठ्यांचासुद्धा.

दोन आठवड्यांत काहीच हललं नाही, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीत. "वेड्यांचा डॉक्टर" म्हणून लाजू नका. बहुतेक मुलांना आधी गोळी देत नाहीत, बोलून आणि सराव करून घेतात. मरायच्या गोष्टी करणारं किंवा स्वतःला इजा करून घेणारं मूल असेल, तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका.

आणि पहिल्यांदा पूर्ण दिवस बसून आलेल्या पोराला दारातच "पोट दुखलं का रे?" असं विचारू नका. डब्यातली चटणी कुणी कुणी खाल्ली, ते विचारा.