जुने भांडण आणि नवे जहाज : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ‘अभ्यासू वाचक’,

गयाना आणि व्हेनेझुएला यांच्यातील वितुष्टावरील माझ्या लेखावर (त्यांचा जुना सीमावाद तेलाच्या शोधामुळे पुन्हा पेटला, असे त्यात म्हटले होते) आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आभार मानताना थोडा अडखळतो आहे, कारण तिची सुरुवात ‘लेखकमहाशयांनी आधी नकाशा उघडून पाहावा’ अशी आहे आणि शेवट ‘तेल कंपन्यांना शिव्या घातल्या की टाळ्या मिळतात’ असा. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु मी कशासाठी लिहितो हे मलाच समजावून सांगण्याचा अधिकार आपण कोठून आणलात, हे कळले नाही. माझ्या लेखात एकही शिवी नाही. असल्यास ओळ दाखवावी.

चूक झाली ती आधी मान्य करतो. गयानाच्या समुद्रातील स्टाब्रूक ब्लॉक या तेलक्षेत्रात हेस या अमेरिकी तेल कंपनीचा वाटा २५ टक्के आणि चिनी सीएनओओसीचा ३० टक्के असे मी लिहिले होते. ते नेमके उलट हवे होते. (हेसचा तो वाटा २०२५ मध्ये शेव्हरॉनकडे गेला, ही गोष्ट मात्र आपल्याही अभ्यासातून निसटलेली दिसते.)

आता आपले ते वाक्य : ‘वाद १८९९चा, तेल सापडले २०१५ला, मग तेलाचा संबंध काय?’ वाक्य चुरचुरीत आहे, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. १८९९च्या पॅरिस लवादाने सीमा आखून दिली होती. तो निवाडा आपण मानत नाही, अशी भूमिका व्हेनेझुएलाने १९६२ मध्ये घेतली. १९६६ मध्ये हा वाद सामोपचाराने सोडवण्यासाठी जिनिव्हा करार झाला, आणि १९७० मध्ये तर दोन्ही बाजूंनी हा विषय बारा वर्षांसाठी चक्क बाजूला ठेवला. पुढे २००४ मध्ये व्हेनेझुएलाचे तत्कालीन अध्यक्ष चावेझ गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनला जाऊन मवाळ भाषेत बोलून आले, आणि त्यानंतर काही वर्षे गयानाचा तांदूळ तिकडे व तिकडचे तेल इकडे असा व्यवहारही सुरू होता. सुमारे १ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरच्या, म्हणजे गयानाच्या दोन तृतीयांशाहून अधिक भूमीच्या एसेक्विबो प्रदेशावर व्हेनेझुएलाचा दावा कायम असतानाच हे सगळे चालले होते. दावा जुना आहे हे मीही लिहिले होते. माझा प्रश्न एवढाच होता की, तो झोपेतून उठला कधी आणि कोणाच्या पावलांनी.

यावर आपण ‘खुर्चीत बसून लिहिलेले’ असा शेरा मारला आहे, म्हणून नाइलाजाने स्वतःविषयी सांगतो. समुद्रतळाखालच्या तेलाचा शोध घेणाऱ्या सर्वेक्षण जहाजांच्या विम्याची कागदपत्रे मी अकरा वर्षे तपासली आहेत. तेलाचा परवाना हा नुसता कागद नसतो. अमुक मुदतीत सर्वेक्षण, तमुक मुदतीत विहीर, नाही तर क्षेत्र परत, अशा अटी त्याला जोडलेल्या असतात. सरकारे एखादा दावा पन्नास वर्षे फडताळात ठेवू शकतात. मुदतीला बांधलेली कंपनी थांबू शकत नाही. तिला जहाज पाठवावेच लागते, आणि वादग्रस्त पाण्यात जहाज गेले की शेजाऱ्यालाही आपले नौदल पाठवावे लागते, कारण गप्प बसणे ही संमती ठरण्याची भीती असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये अनाडार्को या अमेरिकी कंपनीसाठी काम करणारे ‘टेक्निक पेर्दाना’ व्हेनेझुएलाच्या नौदलाने पकडून मार्गारिटा बेटावर नेले, तेव्हा आमच्या कार्यालयात कोणालाही आश्चर्य वाटले नव्हते. स्टाब्रूकमधल्या लिझा विहिरीत तेल लागायला तेव्हा दीड वर्षाहून अधिक अवधी होता. आपण २०१५ हे साल धरून बसलात. भांडण मात्र तेलाच्या नुसत्या शोधानेच पेटले होते.

मे २०१५ मध्ये एक्झॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीने लिझाची घोषणा केली आणि तो महिना संपण्याआधी एसेक्विबोसमोरच्या समुद्रावर हक्क सांगणारा, चावेझ यांच्यानंतर आलेल्या मादुरो सरकारचा हुकूम निघाला. तांदळाचा व्यवहारही त्याच वर्षी बंद पडला. यातही कंपनी कोणती, याला महत्त्व आहे. २००७ च्या राष्ट्रीयीकरणात हीच कंपनी व्हेनेझुएलातून बाहेर पडली होती आणि भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय लवादात गेली होती. त्यामुळे शेजाऱ्याच्या अंगणात ती दिसताच काराकासला, म्हणजे व्हेनेझुएलाच्या सरकारला, तिच्यात गुंतवणूकदार दिसला नाही, जुना वैरी दिसला. तो संशय खरा होता असे मी म्हणत नाही. संशयालाही राजनैतिक किंमत असते, एवढेच म्हणतो.

आणि ज्या बाबीला आपण स्पर्शही केला नाहीत, ती पुन्हा सांगतो. २०१६ च्या करारापोटी एक्झॉनमोबिलने गयानाला १ कोटी ८० लाख डॉलर बोनस दिला. ही रक्कम २०१७ च्या अखेरीपर्यंत लोकांपासून लपून होती आणि उघड झाल्यावर सरकारनेच सांगितले की, ती मुख्यतः सीमावादाच्या न्यायालयीन खर्चासाठी ठेवली आहे. २०१८ मध्ये गयाना आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दोन शेजाऱ्यांच्या सीमेच्या खटल्याला तेल कंपनीच्या पैशाचा आधार असताना ‘तेलाचा संबंध काय’ असे विचारायला धाडस लागते, आणि ते आपल्याकडे भरपूर आहे.

आपले उरलेले मुद्दे थोडक्यात. एसेक्विबोवरील दाव्याबाबत व्हेनेझुएलाने घेतलेले डिसेंबर २०२३ चे सार्वमत मादुरोंच्या अंतर्गत राजकारणासाठी होते, हे लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तिथवर आपण पोहोचला नसाल. गयानाला आपले तेल काढण्याचा हक्क मी कुठेच नाकारलेला नाही. माझ्या स्पॅनिश उच्चारांवरील टिप्पणीला उत्तर देण्याची गरज वाटत नाही.

टक्केवारी आज सकाळी दुरुस्त केली आहे. आपण सुचवल्याप्रमाणे लेखाचे शीर्षक मात्र बदलणार नाही.