बेंगळूरहून अमेरिका अडीच तासांत? तो मेसेज पुढं पाठवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "बेंगळूरहून दुपारी अडीचला सुटलेलं विमान त्याच संध्याकाळी पाचला सॅन फ्रान्सिस्कोत उतरतं, म्हणजे जायला फक्त अडीच तास. येताना मात्र शनिवारी रात्री निघून सोमवारी पहाटे! कारण खाली पृथ्वी फिरते. शिवाय तिकीट वाढवायला कंपन्या मुद्दाम उत्तरेकडून वळसा घालतात."

मीही वाचून सोडून दिलं असतं. पण वडगावची आमची मावशी लेकीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा तिच्या हातातल्या पिशवीत शुगरची एकच गोळी होती. बाकीचा डबा मोठ्या बॅगेत, शेंगदाण्याच्या चटणीखाली. म्हणाली, "अडीच तासच की रे, यष्टीनं कोल्हापूर गाठल्यागत."

अडीच आणि पाच या दोन वेगवेगळ्या गावांच्या घड्याळातल्या वेळा आहेत. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं. तिथं संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा बेळगावात दुसऱ्या दिवशीची सकाळ, साडेसहा. म्हणजे प्रवास झाला सोळा तासांचा. परतीचंही तेच. 9 जानेवारी 2021 ला, शनिवारी रात्री साडेआठला, एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून विमान उडवलं आणि सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास बेंगळूरला उतरवलं. घड्याळात साडेतीस तास दिसतात. त्यातून साडेतेरा वजा केले की सतराच उरतात.

आता पृथ्वीचं फिरणं. आपल्याकडची जमीन ताशी सुमारे 1,600 किलोमीटर वेगानं पूर्वेकडं सरकते, हे खरं. पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. सांबऱ्याच्या माळावर म्हशीच्या पाठीवरून उडालेला बगळा परत त्याच म्हशीवर बसतो. हवा मागं राहिली असती तर एका सेकंदात म्हैस त्याच्यापासून चारशे मीटर लांब गेली असती!

दिशेनं फरक पडतो, तो वाऱ्यामुळं. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. म्हणून लंडनहून मुंबईला येताना वेळ कमी लागतो, जाताना जास्त. पृथ्वी खालून सरकून वेळ वाचत असता तर पश्चिमेकडं जाणारं विमान आधी पोचलं असतं. घडतं नेमकं उलट.

राहिला वळसा. हे मात्र घरी करून बघाच. पोराच्या ग्लोबवर बेंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्कोला बोटं ठेवून दोरा ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो, चीन, सायबेरिया, अलास्का असा. ती वाट साधारण 14,000 किलोमीटरची. भिंतीवरच्या सपाट नकाशात पॅसिफिकवरून पट्टीनं ओढलेली सरळ रेघ धरून गेलात तर 16,000 च्या पुढं जाता. वळसा तो हा! खरा लांबचा फेरा पडतो तो आकाश बंद झालं की. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना वाट बंद केली, तेव्हा तसंच झालं. त्यात इंधन कंपनीचंच जळतं. मुद्दाम कोण जाळेल?

मावशीचा डबा आम्ही हातातल्या पिशवीत हलवला. डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा इथल्या घड्याळाप्रमाणं कागदावर लिहून दिल्या, आणि तिच्या मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत बदलायचं नाही असं बजावलं.